बाद : एक

अदलियात, शिंप्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्याला
आमचं ऑफिस. पाटी अरबीत, पाटीवर माझं नाव नाही.
कायदा मी कोल्हापुरात शिकले, काळा डगला तिथेच कपाटात,
डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला.
इथे कोर्टात उभं राहायचं नसतं, फक्त सांगायचं :
हे चालेल, हे चालणार नाही.
बहुतेक वेळा दुसरंच.

निवडणूक जवळ आली की हुदाबाई येतात,
नगरपालिकेच्या उमेदवार, अबायाच्या बाहीला खळ लागलेली.
फलक किती उंच? मशिदीपासून किती लांब?
आणि इफ्तारच्या डब्यावर फोटो चिकटवला
तर तो प्रचार धरतील की पुण्य?
मी म्हणाले, झाकण कोरं ठेवा.
मग कळणार कसं कुणी दिलं?
मी म्हणाले, तेच तर पुण्य.
खूप हसल्या. फी मात्र घासाघीस करूनच दिली.

ऑगस्टात सुदाम घवाळी गेला.
हिद्दच्या गोदीत, शिडीवरून. गुहागरकडचा.
कंपनीचा माणूस फोन उचलेना.
रात्री साडेदहाला कोकण कल्याण समितीचे चौगुले आले,
नूरमहंमद चौगुले, हातात दुधाच्या पावडरचा डबा,
झाकणाला नुकतीच चीर पाडलेली, कडा उलटी, धारदार.
त्यांच्या अंगठ्याला रक्त होतं.
मी डब्याकडे बघत म्हणाले, फिरवू नका.
परवाना येईपर्यंत एक दिनारही नाही.
मोबाइलवर आवाहनसुद्धा नाही.

"बाई, मेलेला माणूस परवान्याची वाट बघतो का?"

"बघतो," म्हणाले मी.
याच जिभेने.

अकरा दिवस बघितली त्याने,
सलमानियाच्या गारठ्यात, पायाला चिठ्ठी बांधून.
मी रोज अर्जामागे एक अर्ज जोडत होते,
शिक्क्यावर शिक्का. समिती वाचली, तिला टाळं लागलं नाही,
पुढच्या सुदामाला कुणीतरी राहिलं,
हे सगळं खरं आहे. खरं असून
रात्री अडीचला त्याचा काही उपयोग होत नाही.
परवाना आला. पावती क्रमांक एकपासून सुरू.
गुरुवारच्या विमानाने पेटी गेली.
त्याच्या बायकोचं पत्र आलं, आभाराचं,
सगळ्यांची नावं, ड्रायव्हरचंसुद्धा.
माझं नव्हतं.
पाटीवर तरी कुठे आहे.

जानेवारीत समितीची निवडणूक.
निवडणूक अधिकारी म्हणून मला नेमलं.
का, विचारलं तर चौगुले खिडकीबाहेर बघत म्हणाले,
तुम्हाला नाही म्हणता येतं.
ही स्तुती की शिवी, मी विचारलं नाही.

गुदैबियाच्या हॉलमध्ये मतपेटी म्हणून तोच डबा,
वर कागद, लाख, माझी सही.
कडा कुणीतरी कानशीने घासून बोथट केलेली.
त्र्याण्णव मतं.
साठाव्या-एकसष्टाव्या चिठ्ठीवर फुली नव्हती.
दोन्ही चौकटी ओलांडून, निळ्या पेनाने,
सुदाम घवाळी.
शाळेत गिरवतात तसा ळ, गोल, सावकाश.
कुणाचा पंखा नव्हता चालू, तरी ती हातात हलली.
खुर्च्या गप्प. कुणीतरी खोकलं.
माझ्याकडे नियम सात होता, मीच लिहिलेला :
उमेदवार नसलेल्याचं नाव असल्यास.

बाद, म्हणाले मी.
आणि इतिवृत्तात लिहिलं :
वैध ब्याण्णव, बाद एक.
चौगुले निवडून आले, हार घालू दिला नाही.

बाद चिठ्ठ्या सहा महिने पाकिटात, नंतर नष्ट कराव्यात.
हेही मीच लिहिलंय, नियम अकरा.
जुलै आलाय. काचांना बाहेरून घाम.
खाली शिंप्याची कात्री चाललीय,
कागद कातरायचं यंत्र टेबलाशेजारी, हिरवा दिवा लावून.
पाकीट ड्रॉवरमधून काढलं.
त्यावर मी घातलेली तारीख दमटपणाने फुटलीय,
तीन की आठ, नीट लागत नाही.

आठ धरते.